घोडी रोडावली, कोंबड्या माजल्या

घोड्याच्या पोटातलं मला जेवढं कळतं, तेवढं माणसाच्या पोटातलं डॉक्टरलाही कळत नसेल. ही बढाई नाही. बढाई मारायची असती तर आणखी मोठी मारली असती, त्यात मी कधी हात आखडता घेतलेला नाही.

परवा लोणावळ्यात पाहुण्यांना घोड्यावर फिरवणारा एक जण मला डबा दाखवत होता. म्हणाला, "मावशी, थंडीत घोडं उतरतं ना, म्हनून दान्यात ह्ये घालतो. प्रोबायोटिक हाय." मी झाकण काढून वास घेतला. आंबूस. म्हटलं, बाबा रे, हे मी तुझा बाप लंगोटात होता तेव्हापासून घालत आलेय. फक्त माझ्याकडे डबा नव्हता, मडकं होतं. तो हसला. त्याला वाटलं म्हातारी फेकतेय. आता फेकणाऱ्या बाईचं हेच दुखणं, की ती खरं बोलते तेव्हाही लोक हसतात. म्हणून हे लिहून ठेवते.

मी मूळची औंढ्याची. आमच्या औंढ्याला तेव्हा माणसांच्या दुप्पट म्हशी होत्या, आणि माझे काका सोडले तर म्हशीही बऱ्यापैकी शहाण्या होत्या. लग्न होऊन कुसगावात आले ते तांगेवाल्याच्या घरात. बरोबर आंदण म्हणून एक म्हैस आली. तोवर घोड्याला मी कधी हातही लावला नव्हता. माझ्या लेखी घोडा म्हणजे म्हशीसारखंच एक जनावर, फक्त दूध न देणारं आणि रागीट.

मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, घोडी कुमैत होती, गडद तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा टिळा. श्रावणात ती अशी भरायची की पाठीच्या मधोमध पन्हळ पडायची आणि त्यात पावसाचं पाणी साठायचं. चिमण्या त्यात अंघोळ करायच्या. बरं, अंघोळ नसतील करत, पाणी तरी प्यायच्या. लोणावळा स्टेशनाबाहेर वीस तांगे उभे असले तरी उतारू आधी आमच्या घोडीकडे वळायचे.

पण दिवाळी सरली की डोंगरावरचं गवत तारेसारखं होतं. मार्गशीर्षात वाऱ्याला दात फुटतात. घोडी दर थंडीत जरा उतरायचीच, पण साठीच्या दशकातल्या त्या एका वर्षी ती अशी रोडावली की मला धडकी भरली. वयही झालं होतं, पंधराच्या पुढे. बरगड्या लांबून मोजता येत. कंबरेच्या हाडावर घागर अडकवली असती तर राहिली असती.

आणि माघात तांग्यांची तपासणी असे. जनावरांचा डॉक्टर यायचा, दात बघायचा, खूर बघायचा, बरगड्यांवर बोटं दाबायचा. घोडं पसंत पडलं तर तांग्याला पितळी बिल्ला, नाहीतर ते घोडं तांग्याला जुंपायचं नाही. आदल्या वर्षी दोन घोडी अशी उडाली आणि वीटभट्टीच्या गाड्यांना गेली. वीटभट्टीला गेलेलं घोडं दुसरी थंडी बघत नाही, हे सगळ्या स्टँडला ठाऊक होतं. मालक हे तोंडानं कधी बोलले नाहीत. पण खरारा करताना त्यांचा हात बरगड्यांवर आला की थांबायचा, तेव्हा मला कळायचं.

त्यांचं औषध एकच होतं, चणे. तांगेवाल्यांचा चण्यावर जेवढा विश्वास तेवढा देवावर नसतो. घोडी उतरली, चणे वाढवा. आणखी उतरली, आणखी वाढवा. सकाळी तोंडाला अडकवायचा तोबरा भरून, संध्याकाळी तोबरा भरून, वर गुळाचा खडा. घोडी मुकाट खायची आणि रोज थोडी थोडी नाहीशी व्हायची.

स्टँडवर मालकांचा एक स्पर्धक होता, अबलख घोड्यावाला. त्याचा काळा-पांढरा घोडा चकचकीत, तेल लावल्यासारखा, आणि त्याची जीभ त्याहून चकचकीत. आमच्या दारावरून जाताना तांगा हळू करायचा.

"वहिनी, घोडी पाळलीया का चाळन?"

"चाळन हाय भाऊ," मी म्हणायची, "तुमच्यासारखा कोंडा वर ऱ्हातो, तो फेकायला बरी पडती."

बोलायला बोलायची, पण घरात आले की आधी घोडीच्या बरगड्या मोजायची.

आता खरं रहस्य मला कुणी दाखवलं? कोंबड्यांनी. माझ्या आठ कोंबड्या होत्या. त्या थंडीत गावभरच्या कोंबड्या पिसं फुगवून, अंग चोरून बसायच्या आणि माझ्या मात्र अशा माजल्या की चालताना जमीन दणाणायची. मी त्यांना जादा दाणा घालत नव्हते. मग एक दिवस बघितलं, तर आठही जणी घोडीच्या मागे रांग लावून उभ्या! घोडीनं शेपटी उचलली की झडप. मी काडीनं लीद उकरली. आत आख्खेच्या आख्खे चणे. धुऊन पुन्हा पोत्यात भरले असते तर वाण्यालाही कळलं नसतं. आणि लीदही गोळे नव्हे, गिलावा.

मी मालकांना बोलावून दाखवलं.

"चनं घोडीच्या पोटात ऱ्हातंच न्हाई. समदं कोंबड्या खात्यात."

"चन्याला नाव ठिवू नगं," ते म्हणाले. "माझ्या बापानं चन्यावर घोडी पोसली."

"मग ह्या वर्साला तपासनीला कोंबड्या जुंपा."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलले नाहीत तर नाहीत, मला विचार करायला तेवढी शांतता मिळाली.

आणि विचार करून मी जी माती खाल्ली ती औंढ्याची बाईच खाऊ जाणे. आमच्याकडे म्हशीनं रवंथ टाकला की जुनी माणसं शेजारच्या धडधाकट म्हशीच्या तोंडातला चघळता घास काढायची आणि आजारी म्हशीच्या गालफडात कोंबायची. दोन-तीन दिवसांत म्हैस खायला लागायची. मी लहानपणापासून हे बघितलेलं. मी आमच्या म्हशीपाशी बसून राहिले, तिनं रवंथ सुरू केला तसा जबड्यात हात घालून हिरवा गोळा काढला, आणि तसाच घोडीच्या तोंडात दिला.

घोडीनं माझ्याकडे असं बघितलं, की सासूनंही कधी तसं बघितलं नसेल. मग तो गोळा माझ्या लुगड्यावर थुंकला आणि वर पदराचं टोक चावून फाडलं.

ओसरीवर बाजेवर सासरे पडलेले असत. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. उमेदीत ते खंडाळ्याच्या एका साहेबाच्या पागेत मोतद्दार होते, घोड्यांची सगळी सेवा त्यांच्याकडे. आता दम्यानं बाजेला खिळले होते, पण जीभ शाबूत. ते हसले, हसता हसता खोकले, खोकता खोकता बाजेवरून पडायचे राहिले.

"अगं पोरी, घोडं रवंथ करतं व्हय? उभ्या जन्मात बघितलंस का कुटं?"

खरंच बघितलं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग घोडं पचवतं कसं, आबा?"

"त्येचं समदं मागल्या पोटात. तितं आंबतं, मंग अंगी लागतं." त्यांनी श्वास घेतला. "शिंगरू बघितलंस का? आठ-धा दिसाचं झालं की आईची लीद खातं. पैल्यांदा मी हाकलत हुतो, तर थोरल्या मोतद्दारानं माझ्या पाठीत चाबूक वढला. म्हनला, खाऊ दे त्येला, त्येचं इरजन हाय त्ये."

विरजण! आबा पुढेही काही बोलत होते, पण मी ऐकायची थांबले होते. हे तर माझ्या शिंकाळ्यावरचं शास्त्र निघालं. दूध हंडाभर ओता, वर साखर घाला, नवस बोला. विरजण मेलेलं असेल तर दही लागत नाही, दूध नासतं. घोडीच्या पोटातलं विरजण गेलं होतं आणि मालक वरून नुसतं दूध ओतत बसले होते.

आता घोड्याचं विरजण धडधाकट घोड्याकडूनच आणायला हवं. पंचक्रोशीत सगळ्यात धडधाकट घोडा कुणाचा? ते सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन स्टेशनाबाहेर हजर. अबलख घोड्यानं कार्य उरकलं की मी पुढे.

"वहिनी, लीद कशाला?"

"चूल घालायचीया, भाऊ. तुमच्या घोड्याच्या लिदीची चूल भेगाळत न्हाई म्हनत्यात."

"कोन म्हनतं?"

"समदं कुसगाव म्हनतंय."

तो फुगला. माणसाला कशाचा अभिमान वाटावा याला सीमा नाही. तिसऱ्या दिवशी तर त्यानं माझ्यासाठी ताजी लीद गोणपाटात बांधून ठेवली होती, वर दोन पानं झाकून, पेढ्यासारखी. चौथ्या दिवशी मात्र म्हणाला, "किती चुली घालताय, वहिनी? भटारखाना काढताय का काय?" मग मी थांबले. त्याला मी हे कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच कबूल करते, आणि तेही कागदाला.

ती लीद कोमट पाण्यात कालवायची, मालकांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची, आणि ते पाणी गव्हाच्या कोंड्यात गूळ घालून मिसळायचं. त्या कोंड्यात मग तांब्याभर ताक, दोन दिवसांचं, आंबट, डोळे मिटायला लावणारं. पहिल्या दिवशी घोडीनं वरचा ओठ उलटा करून आभाळाला दाखवला. दुसऱ्या दिवशी अर्धं खाल्लं. तिसऱ्या दिवशी घमेलं असं चाटलं की त्यात मला माझं तोंड दिसलं.

चणे मी निम्म्यावर आणले, तेही जात्यावर भरडून, रात्रभर भिजवून. तिच्या दाढा झिजल्या होत्या, आख्खा चणा तिला फुटतच नव्हता. इथे मात्र मालकांनी मला पकडलं. तोबऱ्यात हात घालून बघितला, हाताचा वास घेतला.

"ताक? माझ्या घोडीला ताक? ती काय कढी-भात खाती?"

"पंधरा दिस माझ्या हाती द्या."

"आन न्हाई झालं तर?"

"तर वीटभट्टीवर घोडीसंगं मला बी धाडा. दोघी मिळून वढू."

वीटभट्टी हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. मालकांनी तोबऱ्यातला हात धोतराला पुसला. बाजेवरून आबा म्हणाले, "दे की तिला. तुज्या चन्यानं काय दिवं लावलं?"

मग मी माझं राज्य चालू केलं. आधी गवत, मग दाणा, उलटं कधी नाही. भाताचा पेंढा बाजूला सारला आणि आश्विनात कापून वाळवलेलं हिरवट गवत भावांकडून औंढ्याहून आणवलं, बैलगाडी भरून. दोन मोठ्या तोबऱ्यांऐवजी चार लहान. पाणी कोमट, चिमूट मीठ घालून. गार पाणी ती नुसतं हुंगायची आणि तहानलेली राहायची. जुनी गोधडी आणि पोती शिवून झूल केली. लोक म्हणायचे, घोडीला पांघरूण आणि म्हातारा सासरा उघडा. साफ खोटं. आबांना दोन गोधड्या होत्या.

पहिले आठ दिवस काही नाही. मग लीद बदलली. गोळे व्हायला लागले. मी रोज सकाळी लीद फोडून बघायची, बायका आरशात बघतात तसं. चणे दिसेनासे झाले आणि कोंबड्या माझ्यावर रुसल्या.

आणि मग मला लोभ सुटला. तांब्यानं एवढं होतंय तर हंडीनं किती होईल? म्हणून एक दिवस हंडीभर ताक पाजलं. घोडीला असे जुलाब लागले की गोठा धुवायला शेजारच्या विहिरीचंही पाणी शेंदावं लागलं. मालक घोडीच्या मानेवर हात ठेवून तिथेच उभे राहिले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रोडावलेल्या जनावराला मी माझ्या हातानं मागे ढकललं होतं. तीन दिवस नुसतं गवत, मीठपाणी आणि पुन्हा अगदी थोड्यापासून सुरुवात, वाटीभर, मग दोन वाट्या. विरजण चमचाभर लागतं, हे मी जन्मभर दही लावूनही घोडीकडून शिकले.

पौष निम्मा सरला तसा मालकांनी एका सकाळी तांगा जुंपताना हाक मारली. "हितं ये." घोडीच्या पोटाखालून जाणारा पट्टा, तंग, तो आवळायला त्यांनी दिवाळीनंतर चामड्यात दोन नवीन भोकं पाडली होती. त्यातल्या आतल्या भोकात बक्कल लागेना. बाहेरच्यात लागलं. त्यांनी ते मला दाखवलं आणि मिशीतून हसले. पंधरा दिवसांनी दुसरंही नवं भोक सुटलं, मग जुनं पहिलं. माघ लागला तेव्हा घोडीच्या पाठीवर पन्हळ नव्हती, पण बरगड्या झाकल्या होत्या आणि तकाकी अशी, की मी तिच्याकडे बघून कुंकू लावलं असं मी अजूनही सांगते.

तपासणीच्या दिवशी मी हट्टानं गेले. स्टँडवर बाईमाणूस मी एकटी. डॉक्टर किडकिडीत, गळ्याला मफलर. आमच्या घोडीचे दात बघून त्यानं मान हलवली.

"वय झालंय."

"व्हय, सायेब," मालक म्हणाले. एवढंच. तांगा हाकताना तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, पण साहेबापुढे त्यांची वाचा बसायची.

डॉक्टरनं बरगड्यांवर बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. "अंग बरं धरलंय. पण वयाचा भरवसा काय? चार माणसं बसवा आणि चढावर घेऊन चला. थांबली तर बिल्ला नाही."

अबलखवाला आधी चढून बसला. घोडी कुठे थांबते ते त्याला जवळून बघायचं होतं. डॉक्टर बसला, त्याचा शिपाई बसला. चौथं कुणी पुढे येईना.

"मी बसते," मी म्हटलं. त्या वेळी मी दीड पोत्याची होते, आणि तेही पोतं ओलं धरलं तर.

खंडाळ्याच्या बाजूचा चढ लागला. घोडीनं मान खाली घातली आणि ओढायला लागली. पाव चढ, अर्धा चढ. तिच्या श्वासाची वाफ आमच्यापर्यंत येत होती. आणि मग, अर्ध्याच्या जरा वर, ती थांबली.

मी बाकाची कड घट्ट धरली. मालकांनी चाबूक उचलला नाही, नुसती जीभ टाळूला लावून टचकारले. अबलखवाला म्हणाला, "झालं." घोडीनं शांतपणे शेपटी उचलली, रस्त्यावर लीद टाकली, शेपटी खाली घेतली, आणि उरलेला चढ एका दमात असा चढली की शिपायाची टोपी उडाली. वर पोचून ती कान टवकारून उभी राहिली, आणखी चढ आहे का विचारत असल्यासारखी.

डॉक्टर खाली उतरला, चालत मागे गेला आणि रस्त्यात उकिडवा बसून ती लीद बघितली. गोल, घट्ट, वरून चकाकणारे गोळे. मी पाच पोरं वाढवली, पण कुणाच्या प्रगतिपुस्तकाकडे मी त्या गोळ्यांइतक्या अभिमानानं पाहिलं नाही.

"या वयात, या थंडीत?" तो परत येऊन मालकांना म्हणाला. "काय घालता हिला?"

मला वाटलं, आता हे चणे म्हणणार. बापजाद्यांचा शब्द आहे, आणि अबलखवाला ऐकतोय म्हणजे उद्या सगळा स्टँड ऐकणार आहे. मालकांनी लगाम या हातातून त्या हातात घेतला.

"ह्यांस्नी इचारा, सायेब," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "म्या निस्ता लगाम धरतो."

मी सगळं सांगितलं, भरड, कोंडा, कोमट पाणी, आधी गवत, आंबट ताक आणि किती बेतानं. अबलखवाला मांडीला मांडी लावून बसला होता, म्हणून त्याच्या लिदीचं तेवढं गिळलं. डॉक्टर ऐकत राहिला. मग म्हणाला की घोड्याच्या मोठ्या आतड्यात डोळ्याला न दिसणारे बारीक जीव असतात, गवत तेच पचवतात. दाण्याचा एकदम मारा झाला की ते मरतात आणि पुन्हा वाढवावे लागतात. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"सायेब," मी म्हटलं, "औंढ्याला ह्ये म्हशींना बी ठावं असतं."

तो हसला. त्यानं वहीत लिहिलं आणि बिल्ला मालकांच्या हातात दिला. मालकांनी तो तांग्याला लावला, पदरानं पुसतात तसा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि घोडीच्या कपाळावरच्या टिळ्यावरून हात फिरवला. त्या घोडीनं पुढे आणखी चार थंड्या आमच्या दारात काढल्या आणि एकदाही तंगाला नवं भोक पाडावं लागलं नाही.

परत स्टँडवर आल्यावर सगळे उतरले. मी सवयीनं मागच्या बाकाकडे वळले.

"मागं कुटं?" मालक म्हणाले. "फुडं ये."

तेव्हा बायका तांग्यात मागे बसत, रस्त्याकडे तोंड करून, पदर सावरून. पुढे हाकणाऱ्याशेजारी बसलेली बाई कुसगावात कुणी पाहिली नव्हती. मी चढले आणि पुढे बसले. आम्ही स्टेशनावरून, सबंध बाजारातून, दुकानदार फळीवरून वाकून बघत असताना, टाप टाप करत घरी निघालो. त्या दिवशी लोणावळ्याच्या बाजारात घोडीची मान जास्त ताठ होती की माझी, हे सांगणं कठीण आहे. पण घोडीला निदान लगाम होता.